न्यू जर्सीचा पीएएस-१: आई-बाबांच्या घराच्या टॅक्स सवलतीचा अर्ज, फेब्रुवारीपासून शेवटपर्यंत

न्यू जर्सीत घराचा सरासरी टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आहे. अमेरिकेत एवढं बिल दुसऱ्या कुठल्याच राज्यात येत नाही. नोकरी असते तोवर मॉर्गेजच्या हप्त्याबरोबर तो एस्क्रोमधून, म्हणजे बँकेने त्यासाठी राखलेल्या खात्यातून, परस्पर जातो आणि त्याची फारशी जाणीव होत नाही. घर फिटलं, पेन्शन सुरू झाली, की फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला स्वतः चेक लिहायचा असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात इकडे आलेली आणि नव्वदच्या दशकात एडिसन, पिस्कॅटवे, मन्रो भागात घरं घेतलेली आपली पिढी आता नेमकी या टप्प्यावर आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना आपण सवलतीला पात्र आहोत हेच माहीत नसतं. काहींना माहीत असतं, पण फॉर्म बघून ते तो बाजूला ठेवून देतात.

२०२५ साली आमच्या घरात दोन अर्ज भरले गेले. एक आई-बाबांचा, दोघंही सत्तरीच्या पुढचे. दुसरा मावसभावाचा. दादा साठीच्या आतला आहे, पण सोशल सिक्युरिटी डिसेबिलिटीवर, म्हणजे काम न करता येणाऱ्यांना सरकारकडून मिळणाऱ्या मासिक पैशांवर, आहे. दोन्ही अर्ज पहिल्यांदाच होत होते. ज्या क्रमाने गोष्टी होत गेल्या त्याच क्रमाने लिहिते. आकडे आणि तारखा २०२४ च्या टॅक्ससाठीच्या, म्हणजे २०२५ मध्ये भरलेल्या अर्जाच्या आहेत. दरवर्षी मर्यादा थोड्या सरकतात, तेव्हा आपल्या वर्षाची पुस्तिका बघूनच आकडे घ्यावेत.

आधी कशाकशाचा अर्ज आहे ते. सवलती तीन आहेत, अँकर, सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे, आणि अर्ज एकच, पीएएस-१. २०२४ च्या टॅक्सपासून राज्याने ही सोय केली. त्याआधी अँकरचा फॉर्म वेगळा आणि सीनियर फ्रीझचे दोन वेगळे होते, पहिल्यांदा येणाऱ्यांचा पीटीआर-१ आणि जुन्या लोकांचा पीटीआर-२. नव्या फॉर्मवर कुठल्या योजनेवर टिक करायची ते विचारतच नाहीत. तुम्ही माहिती भरायची, आणि कुठल्या सवलतीत बसता ते राज्याचा टॅक्सेशन विभाग ठरवतो.

अँकरमध्ये दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरमालकाला १,५०० डॉलर आणि दीड ते अडीच लाखांपर्यंत असलेल्याला १,००० डॉलर मिळतात. वय ६५ किंवा जास्त असेल तर त्यावर आणखी २५०. अट एवढीच, की १ ऑक्टोबर २०२४ रोजी घर तुमचं असावं आणि तुम्ही त्यात राहत असावं.

सीनियर फ्रीझचं तत्त्व वेगळं आहे. तुम्ही पात्र ठरता ते पहिलं वर्ष तुमचं आधारवर्ष होतं. पुढे टॅक्स कितीही वाढला तरी आधारवर्षाच्या वर जेवढा भरला तेवढा फरक राज्य परत करतं. गावाला टॅक्स मात्र पूर्णच भरायचा, परतावा नंतर येतो. वय ६५ किंवा जास्त हवं, नाहीतर स्वतःच्या नावावर सोशल सिक्युरिटी डिसेबिलिटीचे पैसे येत असायला हवेत. ३१ डिसेंबर २०२० पासून किंवा त्याआधीपासून त्याच घरात मालक म्हणून राहत असायला हवं. उत्पन्न २०२३ मध्ये १,६३,०५० डॉलर आणि २०२४ मध्ये १,६८,२६८ डॉलरच्या आत हवं. दोन वर्षांचं उत्पन्न विचारतात, कारण त्यातलं पहिलं वर्ष आधारवर्ष होणार असतं.

तिसरी स्टे एनजे ही नवी सवलत फक्त ६५ किंवा जास्त वयाच्यांना आहे. उत्पन्न पाच लाखांच्या आत हवं आणि घर २०२४ चे पूर्ण बारा महिने तुमचं असायला हवं. तिन्ही सवलती मिळून तुमच्या टॅक्सच्या निम्मी रक्कम भरून निघावी, अशी ही वरची भर आहे. २०२४ साठी ही निम्मी रक्कम जास्तीत जास्त ६,५०० डॉलर धरली होती. आधी अँकर, मग सीनियर फ्रीझ मोजतात, आणि निम्म्यापर्यंत जे कमी पडेल ते स्टे एनजे देतं.

फेब्रुवारी

पुस्तिका आणि फॉर्म फेब्रुवारीत निघाले. अंतिम तारीख ३१ ऑक्टोबर २०२५ होती, म्हणजे वेळ भरपूर होता. सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. अँकर गेली काही वर्षं अनेकांना आपोआप मिळत होतं. गेल्या वर्षीच्या माहितीवर राज्य स्वतःच अर्ज भरायचं आणि तसं पत्र पाठवायचं. ही आपोआपची सोय ६५ च्या आतल्यांसाठी आहे. वय ६५ झालं, किंवा डिसेबिलिटीचे पैसे सुरू झाले, की ती बंद. तिथून पुढे पीएएस-१ स्वतः भरायचा. "आम्हाला येतंच की दरवर्षी" असं म्हणून घरी बसलेली मंडळी माझ्या ओळखीतच आहेत.

अर्ज ऑनलाइन किंवा कागदावर करता येतो. आम्ही कागद निवडला, कारण पहिल्या वर्षी सीनियर फ्रीझसाठी जोडपत्रं लागतात आणि आई-बाबांना प्रत्येक पान वाचून सही करायची होती. अर्जाला फी नाही. हे सांगायचं कारण, "तुमचा परतावा आम्ही मिळवून देतो, एवढे टक्के द्या" अशी पत्रकं वयस्कर लोकांच्या पत्रपेटीत येतात. इथल्या आमदारांच्या स्थानिक ऑफिसांत हा फॉर्म भरायला फुकट मदत करतात. राज्याची सीनियर फ्रीझची हॉटलाइन १-८००-८८२-६५९७ आहे. सकाळी लवकर लावावी, दुपारी रांग लांबते.

हॉटलाइनवर मुलाने किंवा मुलीने फोन केला तर आई-वडिलांच्या फाइलबद्दल काही सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वडील शेजारी बसून स्वतःची ओळख देत असतील तर बोलणं होतं. ते शक्य नसेल तर एम-५००८-आर हा प्रतिनिधी नेमण्याचा फॉर्म आधीच भरून ठेवावा. दादाला फोनवर बोलणं जड जातं, म्हणून त्याच्यासाठी आम्ही तो सुरुवातीलाच केला.

घर कुणाच्या नावावर?

फॉर्मला हात लावण्याआधी डीड, म्हणजे घराचं खरेदीखत, काढून बघा. आपल्या घरांत सोयीसाठी म्हणून मुलाचं नाव डीडवर घातलेलं असतं. नवरा-बायको सोडून आणखी कुणी सहमालक असेल, तर आई-वडिलांच्या वाट्याएवढाच टॅक्स सवलतीसाठी धरतात. डीडमध्ये वाटे लिहिलेले नसतील तर सगळ्यांचे सारखे समजतात. घर पूर्ण मुलाच्या नावावर आणि आई-वडील नुसते राहतात, असं असेल तर मालक म्हणून त्यांना यातलं काहीच मिळत नाही. मुलाला घर देताना तहहयात राहण्याचा हक्क, लाइफ इस्टेट, डीडमध्ये राखलेला असेल तर मात्र ते मालकच मानले जातात. घर मुलाच्या नावावर करायचा विचार असेल तर वकिलाकडे जाताना हा मुद्दा सोबत न्यावा.

नावांची एक खास आपली अडचण. डीडवर बाबांचं पूर्ण नाव, मधे आजोबांचं. आईचं तसंच, मधे बाबांचं. सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नाव नाही आणि टॅक्स बिलावर आडनावानंतर नुसती दोन आद्याक्षरं. अर्जावर सोशल सिक्युरिटीवर असेल तसंच नाव लिहावं. घराची ओळख नावावरून पटवत नाहीत, ब्लॉक आणि लॉट नंबरावरून पटवतात. हे नंबर टॅक्स बिलावर वरच छापलेले असतात. काँडो असेल तर त्याच्यापुढे क्वालिफायरही असतो, 'सी' अक्षराने सुरू होणारा. तो रिकामा सोडला की अख्ख्या इमारतीचा लॉट धरला जातो आणि फाइल अडकते.

मार्च: टॅक्स कलेक्टर

पहिल्यांदा सीनियर फ्रीझ मागणाऱ्याने २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांचा टॅक्स किती होता आणि तो भरला, याचा पुरावा द्यायचा असतो. रस्ते दोन. एक, दोन्ही वर्षांची बिलं आणि ती भरल्याच्या पावत्या किंवा वटलेल्या चेकच्या प्रती. दुसरा, पीटीआर-१ए नावाचा पानभर फॉर्म. वरचा भाग आपण भरायचा, खालचा गावाच्या टॅक्स कलेक्टरने सही-शिक्क्यानिशी भरून द्यायचा. मला विचाराल तर दुसराच रस्ता घ्या. बिलावरून स्वतः बेरीज करायला गेलं की हमखास चूक होते, आणि ती का होते ते समजून घेण्यासारखं आहे.

न्यू जर्सीत टॅक्सचं बिल उन्हाळ्यात येतं. त्या एका बिलात चार तिमाह्या असतात, पण त्या एका वर्षाच्या नसतात. २०२४ च्या उन्हाळ्यात आलेल्या बिलात ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२४ चे हप्ते असतात, आणि त्यापुढे फेब्रुवारी आणि मे २०२५ चे अंदाजी हप्ते. समोर चार आकडे दिसतात म्हणून माणूस चारांची बेरीज करतो आणि तीच २०२४ ची रक्कम म्हणून लिहितो. ती चुकीची. २०२४ चा खरा टॅक्स म्हणजे त्या वर्षातल्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या हप्त्यांची बेरीज. बिलाच्या मधल्या भागात वर्षाचा एकूण टॅक्स वेगळा छापलेला असतो, त्यातून पहिल्या सहामाहीची आकारणी वजा करून खाली बाकी दाखवतात. ती एकूण ओळ शोधायची.

कलेक्टरकडून घेतलं की हा प्रश्न उरत नाही. उशिराचं व्याज, सांडपाण्याचे पैसे, पाण्याचं बिल असलं काही टॅक्समध्ये धरायचं नसतं, तेही त्यांना माहीत असतं. घरात वाढीव बांधकाम केलं असेल तर ऑक्टोबरच्या सुमाराला त्याच्या आकारणीचं वेगळं बिल येतं. ते राहून गेलं नाही ना, एवढं विचारून घ्यावं.

पीटीआर-१ए मार्चमध्येच नेऊन द्यावा. एप्रिल-मे मध्ये ऑफिसात मे च्या हप्त्याची गर्दी असते आणि ऑक्टोबरमध्ये शेवटच्या क्षणी आलेल्या सगळ्यांची. बऱ्याच गावांत फॉर्म ठेवून घेतात आणि भरून पोस्टाने पाठवतात. म्हणून स्वतःचा पत्ता लिहिलेलं, स्टँप लावलेलं पाकीट सोबत न्यावं. आमच्या दोन फॉर्मपैकी एक तिथल्या तिथे मिळाला. दुसऱ्या गावचा पोस्टाने यायला बरेच आठवडे लागले, आणि आल्यावर बघितलं तर २०२३ चा रकाना भरलेला, २०२४ चा रिकामा. घरी आल्यावर दोन्ही रकाने, सही आणि तारीख बघूनच फाइलला लावा.

टॅक्स वेळेत भरलेला असणं हीसुद्धा पात्रतेची अट आहे. २०२३ चा सगळा टॅक्स १ जून २०२४ पर्यंत आणि २०२४ चा १ जून २०२५ पर्यंत भरलेला हवा. एखादा हप्ता थकला असेल तर मे महिन्यात तो व्याजासकट भरून टाकावा.

एप्रिल: उत्पन्नाची बेरीज

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. अँकरसाठी न्यू जर्सीचं ग्रॉस इन्कम बघतात, म्हणजे एनजे-१०४० या राज्याच्या इन्कम टॅक्स रिटर्नची २९ वी ओळ. त्यात सोशल सिक्युरिटी नसते, कारण हे राज्य तिच्यावर कर घेत नाही. सीनियर फ्रीझसाठी मात्र जवळपास सगळंच उत्पन्न मोजतात: सोशल सिक्युरिटी, करमुक्त व्याज, डिसेबिलिटी, सगळं. त्यामुळे दोन योजनांचे उत्पन्नाचे आकडे जुळत नाहीत, आणि ते जुळायलाही नकोत. एनजे-१०४० वरचा आकडा उचलून सगळीकडे लावला की अर्ज चुकला.

सोशल सिक्युरिटीचा आकडा बँकेच्या पासबुकातून घेऊ नका. बँकेत जमा होते ती मेडिकेअर पार्ट बी या सरकारी आरोग्यविम्याचा हप्ता कापून उरलेली रक्कम. २०२४ मध्ये पार्ट बीचा नेहमीचा हप्ता महिना १७४.७० डॉलर होता, म्हणजे एका माणसामागे वर्षाला २,०९६.४०. दोघांचे मिळून चार हजारांवर होतात. मोजायची असते ती कापण्याआधीची रक्कम. जानेवारीत सोशल सिक्युरिटीचा वर्षाचा हिशेब, एसएसए-१०९९, येतो, त्याचा पाचवा चौकोन घ्यायचा. कागद हरवला असेल तर सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर खातं उघडून फुकट डाउनलोड करता येतो.

एका प्रकारचा तोटा दुसऱ्या प्रकारच्या उत्पन्नातून वजा होत नाही. शेअरमध्ये तोटा झाला म्हणून पेन्शन कमी दाखवता येत नाही. तिथे शून्य लिहायचं.

आता भारतातले पैसे. न्यू जर्सीचा रहिवासी जगभरातलं उत्पन्न दाखवतो, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, तिकडची पेन्शन यांचीही बेरीज करायची. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथे सोडून देता येत नाही. रकमा छोट्या असतात. ३० लाखांच्या एफडीवर ७ टक्के धरले तर वर्षाला २ लाख १० हजार रुपये, म्हणजे साधारण २,५०० डॉलर. एवढ्याने बहुतेकांची पात्रता जात नाही. मग लपवायचं कशाला? अर्जावर शपथेने सही करायची असते.

त्रास असतो तो वर्षाचा. भारतातल्या बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं असतं आणि इथे जानेवारी ते डिसेंबरचं लागतं. आम्ही खात्याचं दोन वर्षांचं स्टेटमेंट काढलं आणि प्रत्येक एफडीसमोर मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अखेरच्या व्याजाच्या नोंदींवर पेन्सिलने खुणा केल्या. मुदत संपल्यावर व्याज देणाऱ्या एफडीतसुद्धा व्याज दर तिमाहीला चढत असतं, ते बँकेकडून वेगळं मागून घ्यावं लागतं. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यावर टीडीएस कापलेला असतो, भारत-अमेरिका कर कराराचा दर लावला नसेल तर ३१.२ टक्क्यांपर्यंत. पण मोजायची ती कापण्याआधीची रक्कम. रुपयांचे डॉलर करायला आम्ही आयआरएसचा वर्षाचा सरासरी दर घेतला: २०२३ साठी साडेब्याऐंशीच्या आसपास, २०२४ साठी ८३.७ च्या आसपास. कुठला दर घेतला ते एका कागदावर लिहून फाइलीत ठेवलं. पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर उत्तर तयार असावं.

डिसेबिलिटीचा अर्ज कुठे वेगळा पडतो

दादाचा फॉर्म तोच, पण तीन ठिकाणी वेगळा. पहिलं, त्याला स्टे एनजे नाही, कारण ती सवलत वयावर आहे. अँकरचे जादा २५० डॉलरही वयासाठीच आहेत, त्यामुळे त्याला १,५०० च. त्याच्या दृष्टीने सीनियर फ्रीझ हीच मोठी गोष्ट.

दुसरं, डिसेबिलिटी सिद्ध करायला डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. सोशल सिक्युरिटीचं मंजुरीचं पत्र लागतं, आणि पैसे ३१ डिसेंबर २०२३ ला किंवा त्याआधी सुरू झालेले असावे लागतात, ३१ डिसेंबर २०२४ लाही चालू असावे लागतात. इथे एक फट आहे. सोशल सिक्युरिटी डिसेबिलिटीला पाच पूर्ण महिन्यांचा थांबा असतो, पैसे सहाव्या महिन्यापासून लागू होतात. म्हणजे कुणाला ऑगस्ट २०२३ मध्ये पॅरॅलिसिसचा झटका आला असेल तर आजारपण २०२३ चं, पण पैसे २०२४ चे, आणि आधारवर्ष एक वर्ष पुढे सरकतं. पत्रावर हक्क कुठल्या महिन्यापासून सुरू झाला ते स्पष्ट लिहिलेलं असतं, तोच महिना बघायचा.

तिसरं, हे पैसे अर्जदाराला स्वतःसाठी मिळत असावेत. अपंग मुलाचे पैसे आई-वडिलांच्या खात्यात येत असतील तर आई-वडील त्याच्यावर पात्र ठरत नाहीत. कंपनीच्या विम्यातून येणारी लाँग टर्म डिसेबिलिटी ही पात्रतेचा पुरावा नाही, पण उत्पन्नात मात्र मोजली जाते. दादाला दोन्ही मिळतात, म्हणून दोन्ही लिहिलं. त्याला सही करताना हात साथ देत नाही. वहिनीकडे पॉवर ऑफ अॅटर्नी आहे. तिने सही केली आणि त्या कागदाची प्रत जोडली.

मे: पाठवणी

आई-बाबांच्या पाकिटात पीएएस-१, पीटीआर-१ए आणि वयाच्या पुराव्यासाठी ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत. नवरा-बायको एकाच घरात राहत असतील तर दोघांचा मिळून एकच अर्ज आणि दोघांच्या सह्या. जोडप्यातला एक जण ६५ चा असला तरी चालतं. पाकिटात मूळ कागद घालू नयेत, प्रतीच पाठवाव्यात. पाठवण्याआधी पूर्ण पाकिटाची झेरॉक्स काढून ठेवा, कारण पुढच्या वर्षीचा अर्ज त्या प्रतीवरून अर्ध्या तासात होतो. सर्टिफाइड मेलला साध्या टपालापेक्षा पाचेक डॉलर जास्त पडतात, पण ट्रेंटनला, राज्याच्या राजधानीत, पोहोचल्याची नोंद हातात राहते. सगळा खर्च धरून एका अर्जाला वीस डॉलरसुद्धा लागले नाहीत.

पैसे थेट बँकेत घ्यावेत. आपल्याकडचे बरेच ज्येष्ठ ऑक्टोबरनंतर भारतात जातात, आणि पोस्ट ऑफिस टपाल एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवस राखून ठेवतं. चेक पेटीत पडून राहण्यापेक्षा खात्यात आलेला बरा. भारतात राहून आल्याने पात्रता जात नाही, मुख्य घर इथलंच असलं म्हणजे झालं. पण तेवढ्या महिन्यांसाठी इथलं घर भाड्याने दिलं तर मुख्य घराचा प्रश्न उभा राहतो. ते करू नये.

वाट पाहणं

त्या वर्षी सीनियर फ्रीझचे पैसे १५ जुलैपासून आणि अँकरचे १५ सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने निघायला लागले. स्टे एनजेचे २०२६ च्या सुरुवातीपासून, तिमाही हप्त्यांनी. म्हणजे एकाच अर्जाचे पैसे तीन वेगवेगळ्या वेळी येतात. जुलैत आलेली रक्कम बघून "एवढंच?" असं सगळ्यांनाच वाटतं. अर्ज कुठे आहे ते राज्याच्या वेबसाइटवर सोशल सिक्युरिटी नंबर आणि झिप कोड टाकून दिसतं. मधे एखादं पत्र येऊन आणखी कागद मागतात. ते नकाराचं पत्र नसतं. मागितलेलाच कागद, त्याच पत्राची प्रत वर लावून, लगेच परत पाठवायचा.

सीनियर फ्रीझचा पहिला चेक छोटा का असतो ते आकड्यांत सांगते. समजा, २०२३ मध्ये टॅक्स ९,८४० डॉलर होता आणि २०२४ मध्ये १०,३१० झाला. फरक ४७० डॉलर, तेवढाच परतावा. अँकरचे १,७५०. टॅक्सची निम्मी रक्कम ५,१५५. त्यातून हे दोन्ही वजा केले की २,९३५ उरतात, ते स्टे एनजेचे, तिमाहीला ७३३.७५. आता कुणी म्हणेल, एकूण ५,१५५ च मिळणार असतील तर सीनियर फ्रीझच्या या सगळ्या कागदांची गरज काय? ४७० नाही मिळाले तर स्टे एनजे तेवढं भरून देईलच.

आजच्या हिशेबात ते खरं आहे. पण निम्म्याची ही हमी दरवर्षीच्या अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर उभी आहे, आणि २०२३ हे आधारवर्ष म्हणून एकदा लागलं की त्याची किंमत दरवर्षी वाढत जाते. त्याच घराचा टॅक्स काही वर्षांनी १४,००० झाला, तर फरक ४,१६० होईल. अँकर आजच्याइतकंच धरलं तर दोन्ही मिळून ५,९१०. स्टे एनजे तेव्हा कमी झालं किंवा बंद झालं तरी एवढे हातात राहतील. आधारवर्ष लावलंच नसेल तर फक्त १,७५० उरतील, आणि गेलेलं वर्ष मागून लावून मिळत नाही. दादासारख्या साठीच्या आतल्या माणसाला तर स्टे एनजेचा आधारच नाही. म्हणून परतावा शंभर डॉलरचा का असेना, पात्र झालात त्या पहिल्याच वर्षी अर्ज करा. घर विकून दुसरीकडे गेलात तर आधारवर्ष जुन्या घराबरोबर मागे राहतं. मन्रोच्या एखाद्या ५५ प्लस कम्युनिटीत, म्हणजे ५५ च्या पुढच्यांसाठीच्या वसाहतीत, जायचा बेत असेल तर हेही हिशेबात धरा.

फेडरल रिटर्नमध्ये आई-बाबा स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेतात, त्यामुळे या पैशांवर तिथे काही द्यावं लागलं नाही. जे प्रॉपर्टी टॅक्सची वजावट तपशीलवार घेतात त्यांनी अकाउंटंटला हा परतावा आठवणीने सांगावा.

गावाकडची वेगळी २५० डॉलरची वजावट

पीएएस-१ मध्ये न येणारी आणखी एक सवलत आहे, आणि ती ट्रेंटनला नाही, गावाच्या टॅक्स असेसरकडे, म्हणजे घराची आकारणी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मागायची. ज्येष्ठ, कायमचे पूर्ण अपंग आणि त्यांचे हयात जोडीदार यांना बिलातूनच वर्षाला २५० डॉलर वजा होतात. फॉर्मचं नाव पीटीडी. उत्पन्नाची मर्यादा फक्त १०,००० डॉलर आहे, म्हणून लोक वाचूनच सोडून देतात. पण सोशल सिक्युरिटी, फेडरल पेन्शन आणि राज्याची पेन्शन यांपैकी एक प्रकार त्या मर्यादेतून वगळता येतो. ज्यांचं पोट मुख्यतः सोशल सिक्युरिटीवर आहे आणि वर थोडंसं व्याज आहे, ते यात बसू शकतात. आई-बाबांचं बसलं नाही, एफडीचं व्याज आणि ४०१-के या निवृत्तीच्या खात्यातून काढलेले पैसे मिळून दहा हजारांच्या वर गेले. दादाच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींचं बसलं. त्यांना एवढंच सांगून ठेवलं आहे, की वजावट एकदा मंजूर झाली तरी दरवर्षी १ मार्चच्या आत पीडी-५ हे उत्पन्नाचं पत्रक गावाकडे भरायचं. ते राहिलं तर दिलेले २५० परत भरावे लागतात.